सरीशचा डोळा

तंगेबीद
मेहेर महिना, अक्रोड झोडायचे दिवस

खुदामुराद,

साक्षरता वर्गातल्या बाईंनी आम्हां बायकांना शिकवलं होतं की पत्राची सुरुवात 'तुमच्या दूर असण्याखेरीज आम्हांला कसलंच दुःख नाही' या वाक्यानं करायची. मी ते लिहिणार नाही. मला दुःखं बक्कळ आहेत, आणि तुझं दूर असणं त्यांत कितवं आहे ते तुला कळायची गरज नाही.

कामाचं बोलते. काल हाज सैफुल्ला आपल्या अक्रोडाखाली येऊन उभा राहिला. मी बसून हिरव्या साली काढत होते, हात मनगटापर्यंत काळेकुट्ट. म्हणाला, "खावर खानम, इस्फहानला गेलो होतो. मुरादच्या दुकानात बसलो. वडिलांच्या डोंगरउतारातला त्याचा वाटा मला द्यायला तो राजी आहे."

मी म्हटलं, "राजी आहे, की विचार करतो म्हणाला?"

"तेच की."

"तेच नाही. विचार करायला मुरादला पहिल्यापासून वेळ लागतो. चौथीत दोनदा बसला तो."

तो हसला. निघताना म्हणाला, "दगडधोंडे कवटाळून बसलायत तुम्ही. मी तिथं बोअर मारतो, नळ्या टाकतो, सफरचंदं लावतो. गावाला जरा सावली तरी होईल."

म्हणजे भर उन्हाळ्यात उताराला पाणी. उन्हाळाभर मातीत झोपणाऱ्या सरीशच्या गड्ड्याला तेव्हाचं पाणी म्हणजे विष, हे तुला मी सांगायला नको. बाबांनी आपल्या दोघांना एकाच उतारावर एकाच काठीनं शिकवलंय.

आता तू म्हणशील, तिथं सरीश आहेच कुठे? नाहीच. बाबा गेले त्या शरदात तू कुदळ घेऊन चढलास आणि सगळे जुने सरीश उपटून पोत्यांत भरलेस. मुळं वाळवलीस, दळलीस, आणि त्या डिंकाच्या जोरावर बाजारात पुस्तकबांधणीचं दुकान थाटलंस. मुळं काढू नकोस असं मी कधी म्हटलं नव्हतं. बाबाही काढायचे. पण बाबा एक गड्डा काढला की त्याचा एक डोळा, बारीकसं मूळ ठेवून, परत मातीत लावायचे. काटेरी गवनच्या झुडपाखाली लावायचे, म्हणजे मेंढीचं तोंड पोचत नाही, आणि उत्तरेच्या अंगाला एक पांढरा दगड उभा करायचे. तू एकही डोळा परत ठेवला नाहीस. पुढच्या वसंतात मी खालपासून खडकांपर्यंत सगळा उतार चालले. नुसते खड्डे होते.

म्हणून मी भाकरी हातात घेऊन म्हटलं ते म्हटलं. या उतारावर पुन्हा सरीश फुलेल तेव्हाच तू या घराचं मीठ खाशील. भाकरीवर घेतलेली शपथ मोडता येत नाही, आणि मोडता आली असती तरी मी मोडली नसती. पण सरीश फुलूच नये असं तर मी म्हटलेलं नाही.

तर ऐक. मी बी पेरलंय. घळीच्या पलीकडच्या कड्यावर, जिथं कुणाची कुदळ पोचली नाही, तिथं एक म्हातारा सरीश उरला होता. मी तिथं कशी चढले ते विचारू नकोस. पहिल्या वसंतात गवताच्या काडीएवढं एकच पान आलं आणि उन्हं तापायच्या आत जळून गेलं. दुसऱ्या वसंतात दोन. यंदा, तिसऱ्या, हाताच्या पंजाएवढा झुपका झालाय. आणखी एक-दोन वसंत थांबलं की फुलाचा दांडा येईल.

एक अडचण आहे. शरीयतीप्रमाणे उताराचे दोन वाटे तुझे, एक माझा. आणि वाफे मी तुझ्या वाट्यात केलेत, कारण माती तिथं चांगली आहे. तुला विचारलं नाही. तूही मला कुदळ चालवताना विचारलं नव्हतंस.

तेव्हा विकू नकोस. एवढंच सांगायचं होतं. हे मी तुझ्यासाठी करतेय असं समजून फुगू नकोस. शेजारच्या तूबाच्या मधमाश्यांसाठी करतेय. सरीश गेल्यापासून तिच्या पेट्यांतला मध पाण्यासारखा झालाय.

खावर

तंगेबीद
फर्वर्दीन, नवरोजच्या तेराव्याचा दुसरा दिवस

मुराद,

नवरोज मुबारक. मलीहाला आणि तुमच्या लेकीला, रैहानला, माझे आशीर्वाद. रैहानचा फोटो मिळाला. पाकिटावर अक्षर मलीहाचं होतं, तुझं नव्हतं, तरी मिळाला.

आज मी रागानं लिहितेय, म्हणून अक्षर मोठं आहे.

काल नवरोजचा तेरावा दिवस. घरात बसलं तर अपशकुन, म्हणून सगळं गाव माळावर. मीही चादर पसरून ओढ्याकाठी बसले, एकटी नाही, चांगल्या सात-आठ बायका होत्या. हाजची पोरं झोके बांधत होती. दुपारी तूबा आशचा, पालेभाजीच्या दाट कढणाचा, वाडगा घेऊन आली. वर दाट ताक, तळलेला पुदिना, लसूण, काय वास होता. म्हणाली, "खावर, तुझ्याकरता पहिला वाडगा. यंदा रानात कायकाय उगवलंय बघ. किती वर्षांनी सरीशच्या पानांची आश झाली."

मी घास तोंडात घेतला होता.

विचारलं, "पानं कुठली?"

"तुझ्याच उतारावरची की. केवढी माजलीत. रांगेत उगवलीत गं, कुणी मुद्दाम पेरल्यासारखी."

मुराद, मी गिळला तो घास. थुंकणार कुठे, आजूबाजूला पाहुणे. शिवाय आश चांगली झाली होती, हे लिहिताना मला लाज वाटते.

तूबाला काय बोलायचं? रानातली भाजी ज्याच्या हाताला लागेल त्याची, ही रीत आपल्या आजीच्या आजीपासूनची. रानात कुणी सरीश पेरतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. गहू पेरतात, मसूर पेरतात. सरीश अल्ला पेरतो. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गावानं हसावं असं मला नको होतं.

संध्याकाळी तूबाला हाताला धरून वर नेलं. पानं बुंध्याशी कापलेली. एखाद्या म्हाताऱ्याचे केस न्हाव्यानं भादरावेत तशी. मी म्हटलं, "हे मी पेरलंय. चौथा वसंत आहे हा."

तिला आधी कळेना. मग कळलं, तेव्हा ती मटकन खालीच बसली. "मेली होतीस का तू आधी सांगायला?" म्हणाली. "मी माझ्याच माश्यांच्या पोटावर पाय दिला. आणि वर तुला वाढलं."

"वाढलंस ते बरं केलंस," मी म्हटलं. "निदान माझ्या वाट्याला वाडगा तरी आला."

मग आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडली. मी नाही रडले. वाफ्यांची वरची ओळ वाचली आहे. तिथवर बायका चढल्या नाहीत, भांडी भरली होती. बाकीच्यांना यंदा पानं नाहीत म्हणजे मूळ उपाशी राहणार, म्हणजे एक वर्ष मागे. हरकत नाही. वरच्या ओळीत एक जोमदार आहे. पान माझ्या हातापेक्षा लांब, मधला कोंब अंगठ्याएवढा जाड. पुढच्या वसंतात तो नक्की फुलणार. त्याच्यावर माझी भिस्त आहे.

तू अजून हाजला होकार दिलेला नाहीस, हे मला कसं कळलं? तो मला सलाम करताना आता दात दाखवत नाही.

खावर

तंगेबीद
मुर्दाद, ऐन उन्हाळा

मुराद,

या पत्राबरोबर फडक्यात बांधलेली मुळं आहेत. आधी पत्र वाच, मग फडकं सोड.

तू होकार देईनास, म्हणून हाजनं दुसरी वाट धरली. गेल्या जुम्म्याला मशिदीबाहेर चारचौघांत तो मश्दी बरातना म्हणाला की मुराद वर्षानुवर्षं गावात नाही, त्याच्या वाट्यात काडी उगवत नाही, ती मेलेली जमीन आहे. मेलेल्या जमिनीला जो जिवंत करील तिचा तो धनी, हे शास्त्र. मी पाणी आणून तिला जिवंत करतो.

मश्दी बरात आता पार वाकलेत, पण पाण्याच्या पाळ्या अजून तेच वाटतात आणि जमिनीचा शब्द अजून त्यांचाच. ते म्हणाले, आधी बघू. सगळे वर आले. आणि तुला ठाऊकच आहे मुर्दादमध्ये तिथं काय असतं. धूळ. सरीश झोपला की वर पानाचा तुकडासुद्धा उरत नाही. जो कुणी बघेल तो म्हणेल, हाज खरं बोलतोय.

हाज म्हणाला, "दाखवा खावर खानम, तुमची शेती. की ही धुळीची शेती आहे?"

"पेरली आहे ती झोपलीय," मी म्हटलं. "तू दुपारी झोपतोस तेव्हा तुझी बायको तुला मेला समजून पुरून टाकते का?"

लोक हसले. मश्दी बरात हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, हसण्यानं माझं काम होत नाही. मला एक जिवंत गोष्ट दाखव."

कुठला उकरू? खालच्या ओळींतले उपाशी, अक्रोडाएवढे बारीक झाले असतील. मरतुकडं काढून दाखवलं तर हाज म्हणणार, हेच का तुमचं जिवंत? मी वरच्या ओळीतला तो जोमदार निवडला. ठरवलं होतं की हातानं माती सारून, गड्डा नुसता उघडा पाडून दाखवायचा आणि पुन्हा झाकायचा. झोपेत असताना हलवलं तर त्याला कळतही नाही. मी बोटांनी, मग चमच्यानं माती खरवडत बसले. जमीन विटेसारखी कडक. सगळे उन्हात उभे. हाजला दम कुठला? "द्या इकडे," म्हणाला, आणि कुणाच्यातरी हातची कुदळ घेऊन त्यानं एकच घाव घातला.

घाव डोळ्यावर बसला. चिरफळ्या झाल्या. पण मुळं बाहेर आली, मुराद, चहू बाजूंना पसरलेली, माझ्या बोटाएवढी जाड, मोडल्यावर आतून दुधासारखी ओली. वर धूळ आणि आत एवढं पाणी.

मश्दी बरातनी एक मूळ उचललं, अंगठ्यानं दाबलं. चिकट झालेला अंगठा हाजच्या कोटाला पुसला. मुद्दाम पुसला की चुकून, ते अल्ला जाणे. म्हणाले, "जमीन मेलेली नाही. निजलीय. मुरादची आहे, मुरादचीच राहील. तो विकील तर घे, नाही तर घरी जा."

तेव्हा आता पुन्हा सगळं तुझ्यावर आलंय. हाज आता जास्त भाव घेऊन येईल, त्याला चारचौघांत खाली बघावं लागलंय.

मी घरी आले आणि दार लावून रडले. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. त्या एकाच सरीशवर माझी भिस्त होती. आता पुढच्या वसंतात काय फुलणार ते मला माहीत नाही.

मुळं सावलीत वाळवलीत, उन्हात नाही, आणि निम्मी दळून दिलीत. विकत देत नाहीये. बांधणीला वापर.

खावर

तंगेबीद
आबान, पहिलं दहिवर पडलं

मुराद,

मिनिबसवाला काल दारात येऊन उभा राहिला, एक पुडकं आणि एक निरोप घेऊन. निरोप असा की 'बहिणीला विचार, दळलेल्या मुळांत पीठ तर मिसळलं नाही ना? बाजारातल्या सरीशमध्ये सगळे मिसळतात.'

मी त्याला म्हटलं, "त्याला सांग, पीठ स्वस्त नाही, नाहीतर मिसळलं असतं."

मिनिबसवाला म्हणाला, "तुमचं बहीणभावांचं माझ्या गाडीतून चाललंय, भाडं कोण देणार?" त्याला अक्रोड दिले.

पुडकं त्याच्यासमोर सोडलं नाही. आत बाबांचं पुस्तक. हिवाळ्यात शेगडीपाशी बसून मोठ्यानं वाचायचे ते. तू गेलास तेव्हा ते फळीवर नव्हतं आणि मी गावभर म्हटलं होतं की ते चोरलंस. पानं तेव्हा सुटी झाली होती, मधली तर शेळीनं खाल्ली होती. आता पाठ नवी, कातडं नवं, शेळीनं खाल्लेल्या कोपऱ्यांना कागद जोडलेला. नाक लावून पाहिलं. माझ्या सरीशचा वास ओळखता येतो मला.

चिठ्ठी नव्हती. पान न् पान उलटून पाहिलं, कुठेच नव्हती. बरं. तू बाबांवरच गेलास, तेही हातानंच बोलायचे.

पुस्तक जाडजूड झालंय. आता उघडं ठेवलं तरी मिटत नाही. चांगलं बांधलंयस. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नसतं.

हाज म्हणतो, नवरोज आटोपला की रोख घेऊन तुझ्याकडे येणार. तू अजून हो किंवा नाही काहीच कळवलेलं नाहीस. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, मुराद. एक शब्द कळव.

खावर

तंगेबीद
इस्फंद, बर्फ अजून उतारावर

मुराद,

अक्षर वाकडं दिसेल. डाव्या हातानं लिहितेय. उजव्या हाताला काम आहे.

तुझा शब्द आला नाही. मी वाट पाहत नाहीये. वाट पाहत बसायला मला वेळ नाही. यंदा भाजी खुडणाऱ्या बायकांच्या आधी मी सगळ्या वाफ्यांवर काटेरी फांद्या टाकल्या. गावात दवंडी पिटवली म्हण ना, तूबा घरोघर सांगून आली, "खावरचा सरीश खाईल त्याच्या पोटात सुई जाईल." मश्दी बरात म्हणाले, पोरी, एवढा पहारा तर लोक मुलींवरही ठेवत नाहीत.

फांद्या टाकताना बर्फावरून जरा घसरले. काही नाही.

खालच्या ओळी बारीक आहेत, वरच्या ओळीतले उरलेलेही लहानच, मी बर्फ बाजूला करून बोट लावून पाहिलं. या वसंतात त्यांना दांडा येणार नाही. पुढच्या वर्षी येईल. हे मी तुला खरं सांगतेय, कारण तू हाजला काय उत्तर देशील ते खोट्यावर ठरू नये. फूल यंदा नाही. मी शपथ मागे घेणार नाही आणि पेरणंही सोडणार नाही. उपाशी राहिले असतील तर पुन्हा पानं येतील, पुन्हा कापले गेले तर पुन्हा पेरीन. मी बाबांच्या वयाची होईपर्यंत माझ्याकडे वेळ आहे. हाजकडे तेवढा नाही, त्याचा रक्तदाब वर असतो.

रैहानला सांग, आत्यानं लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. एक झालाय. दुसऱ्याला वेळ लागेल.

खावर

तंगेबीद
उर्दीबेहेश्त, तूबाच्या पेट्या बाहेर काढल्यावर

मुराद,

हे पत्र आणि हाज सैफुल्ला एकाच मिनिबसनं येतायत. तो पुढच्या सीटवर बसलाय, मांडीवर चामड्याची पिशवी. पत्र मिनिबसवाल्याच्या टोपीत आहे. तो म्हणाला, आधी टोपी तुझ्या हातात देईन, मग हाजला उतरायला दार उघडीन. तेव्हा हाजला चहा दे, बसव, आणि आधी हे वाच.

आधी हाताचं. इस्फंदमध्ये मनगट मोडलं होतं. आता जुळलंय. वाकडं जुळलं, पण लिहिता येतं.

काल सकाळी तूबा धापा टाकत आली. तिनं पेट्या उतारापाशी आणून ठेवल्यात, माझ्या वाफ्यांना फूल नाही हे ठाऊक असूनही. म्हणाली होती, "आशेवर पेट्या ठेवायला भाडं पडत नाही." तर आली आणि म्हणाली, "खावर, माश्या तुझ्या वाफ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. सगळ्या वर चालल्यात. खडकांच्याही वर. जाताना हलक्या जातायत न् येताना पायांना पिवळं लागलेलं."

"वर काय आहे? वर गवनखेरीज काही नाही."

"ते माशीला विचार."

आम्ही चढलो. खडकांपर्यंत मी दरवर्षी गेलेय, त्याच्या वर कधी नाही. तिथं मेंढ्याही जात नाहीत, पाय ठेवायला जागा नाही. तूबा पुढे, मी तिच्या ओढणीला धरून. आधी आवाज आला, लग्नघरासारखा. मग वळसा घेतला आणि दिसला. गवनच्या काट्यांतून सरळ वर आलेला, माझ्या डोक्याच्या वर गेलेला एक दांडा. तळाची फुलं उघडलेली, पांढरी, मधे तपकिरी रेघ, आणि वर टोकापर्यंत कळ्याच कळ्या. माश्यांनी इतका भरलेला की दांडा हलत होता, वारा नसताना.

तूबानं आनंदानं माझ्या पाठीत धपका घातला. मी खाली पाहिलं होतं.

उत्तरेच्या अंगाला पांढरा दगड उभा होता.

आधी वाटलं, बाबांचा असेल. पण हा दगड ओढ्यातला, गुळगुळीत, आणि बाबा गेले त्या वर्षीच्या पुरात ओढा हे असले दगड घेऊन आला. त्याआधी नव्हते. बाबा तेव्हा कबरीत होते. गावात ही रीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, कारण दुसरं कुणी डोळा परत ठेवतच नाही. मग मी पुढच्या झुडपाखाली वाकले. तिथंही दगड. त्याच्या पलीकडे तिसरा. काट्यांत हात घालून पाहिलं, सगळ्यांखाली पानं. मोजायला मी थांबले नाही, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

पोत्यांवर पोती भरलीस, आणि एकेका डोळ्याला तिथवर वर घेऊन चढलास. खाली लावले असते तर हाजच्या मेंढ्यांनी खाल्ले असते, म्हणून वर. मी खाली खड्डे बघत राहिले आणि तू वर पेरून ठेवलं होतंस.

मुराद, मी भाकरी हातात घेऊन ओरडत होते तेव्हा तू उंबऱ्यावर बसून बुटाचे बंद बांधत होतास. एक वाक्य बोलायचं होतंस. 'डोळे वर लावलेत, खावर.' एवढंच. मी वर गेले असते, पाहिलं असतं, आणि तू जेवून निघाला असतास. पण नाही. बहिणीनं आपल्याबद्दल असं मनात आणलंच कसं, म्हणून तू फुगलास. माझा हट्ट सगळ्या गावाला दिसतो. तुझा माझ्याहून बोटभर उंच आहे आणि तो खडकांच्या वर लावून ठेवलेला. मला तुझा राग आला. फार आला. मग तिथंच दगडावर बसून मी तूबासमोर रडले, आणि या खेपेला ती नाही रडली.

ती म्हणाली, "आता काय करणार? शपथ तुझी, पेरणी तुझी, घाम तुझा, आणि फूल त्याचं."

मी विचार केला. मी भाकरी हातात घेऊन म्हटलं होतं की या उतारावर पुन्हा सरीश फुलेल तेव्हा. माझा सरीश असं म्हटलं नव्हतं. कुणी पेरलेला, तेही म्हटलं नव्हतं. फुललाय. शब्द शब्दाला पुरा झालाय. मला काही मागे घ्यावं लागलं नाही.

वाफे मी तसेच ठेवणार. पुढच्या वर्षी तेही फुलतील, आणि मग बघू कुणाचा उंच जातो ते.

हाजला काय सांगायचं ते तू ठरव. जमीन तुझी आहे. दोन वाटे तुझे, शरीयतीत लिहिलंय. मी फक्त एवढंच सांगते की सरीश तळापासून उमलत उमलत वर जातो. अजून निम्माही उमललेला नाही. टोकाची कळी उघडायच्या आत ये. मलीहाला आण, रैहानला आण, तिच्या दुसऱ्या पायाचा मोजाही झालाय.

मी आजवर न लिहिलेलं ते वाक्य आता लिहिते. बाई म्हणायच्या ते सुरुवातीला लिहायचं असतं, पण मला आत्ताच लिहिता येतंय. तुझ्या दूर असण्याखेरीज आम्हांला कसलंच दुःख नाही.

येताना काही आणू नकोस. मीठ घरात आहे.

तुझी बहीण,
खावर